गुडविल

एखाद्या दुकानाबद्दल, पेढीबद्दल किंवा व्यावसायिकाबद्दल लोकांच्या मनात असलेली पत आणि त्या पतीमुळे मिळणारा जादा नफा, म्हणजे गुडविल. वाणिज्याच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘ख्याती’ म्हणतात. बाजारात ‘दुकानाचं नाव आहे’ एवढं म्हटलं की भागतं.

रोजच्या व्यवहारात ही पत दोन्ही बाजूंनी चालते. वाणी महिन्याचा किराणा वहीत मांडून देतो आणि गिऱ्हाईक वजन न तपासता पिशवी उचलतं. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून गावाला जाणारं कुटुंबही त्याच विश्वासावर जातं. या विश्वासाचा हिशेब कुणी ठेवत नाही. धंदा विकायची किंवा भागीदारी मोडायची वेळ आली, की मात्र त्याला किंमत लावावी लागते.

1810 मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी गुडविलचा अर्थ फार आटोपशीर लावला होता: जुनी गिऱ्हाइकं जुन्या जागी परत येण्याची शक्यता. 1901 मध्ये लॉर्ड मॅकनॉटन यांनी त्याला गिऱ्हाईक खेचून आणणारी शक्ती म्हटलं आणि धंद्यापासून तोडली तर ती जगत नाही, असंही बजावलं. 1934 च्या एका इंग्रज खटल्यात तर गिऱ्हाइकांची वर्गवारी प्राण्यांवरून झाली. मांजर घर सोडत नाही, तसं काही गिऱ्हाईक जागेला चिकटतं. कुत्रा मालकामागे जातो. नावाजलेल्या डॉक्टरांचे रुग्ण आणि वकिलांचे पक्षकार या जातीचे. उंदराला जागेचंही प्रेम नाही आणि माणसाचंही. ससा केवळ जवळ राहतो म्हणून येतो. दुकान विकत घेणाऱ्याच्या हाती खऱ्या अर्थाने मांजरच लागतं, म्हणून ही वर्गवारी आजही उपयोगाची आहे.

किंमत काढण्याची एक रूढ पद्धत अधिक नफ्याची. समजा, धंद्यात 40 लाखांचं भांडवल आहे आणि त्या व्यवसायात 10 टक्के परतावा नेहमीचा मानला जातो. मग 4 लाख अपेक्षित. सरासरी नफा 6 लाख असेल, तर वरचे 2 लाख नावाची कमाई. या जादा नफ्याची तीन वर्षांची खरेदी धरली, म्हणजे त्याची तिप्पट केली, तर गुडविल 6 लाख.

हिशेबशास्त्राचा एक नियम मात्र कष्टाने नाव कमावणाऱ्याला खटकण्यासारखा आहे. स्वतः उभं केलेलं गुडविल ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. दुसऱ्याचा धंदा पैसे मोजून घेतला, तरच ते दिसतं. नियम कडक असला तरी योग्य आहे, कारण आपल्याच नावाला मालकाने लावलेली किंमत पडताळायची कशी? विकत घेतलेल्या गुडविलवर करासाठी घसारा मिळेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ठरवलं. 2021 च्या वित्त अधिनियमाने तो घसारा बंद केला.

नाव टिकवण्याची किंमतही मोजावी लागते. 1982 मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि सात जण दगावले. दोष कारखान्याचा नव्हता, तरी कंपनीने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत घेतल्या, त्यासाठी 10 कोटी डॉलरहून अधिक खर्च सोसला आणि छेडछाड लगेच कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा आणलं. गमावलेला बाजार बऱ्याच अंशी परत मिळाला.

भारतात 1932 च्या भागीदारी अधिनियमानुसार गुडविल ही पेढीची मालमत्ता आहे. पेढी मोडल्यावर ते विकलं, तर जुन्या भागीदाराला तसाच धंदा काढता येतो. पण पेढीचं नाव वापरता येत नाही, की जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन धंदा मागता येत नाही. याहून जास्त बंधन हवं असेल, तर 1872 च्या करार अधिनियमाचं कलम 27 त्याला वाट ठेवतं: ठरावीक हद्दीत तोच धंदा न करण्याची अट वाजवी असेल, तर ती कायद्याने टिकते. चालतं दुकान विकत घेणाऱ्याने ही अट करारात लिहून घ्यावी.