चरबीचे काडतूस आणि पितळेची पुंगळी

१/ १८५७ म्हटले की काडतुसाची चरबी आठवते. ती गाईची होती की डुकराची, हा वाद आपण शाळेपासून ऐकत आलो. पण काडतुसाला चरबी मुळात लावत कशासाठी, आणि पुढे ती गेली कुठे? आजचा धागा त्याविषयी.

२/ सुरुवात रत्नागिरीपासून करू. मुंबई लष्करातील शिपायांचा मोठा भरणा या जिल्ह्यातून होई. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या मुंबई देशी पायदळ पलटणीने उठाव केला, तेव्हा तिची एक तुकडी रत्नागिरीत तैनात होती. कोल्हापूरच्या उठावाला काडतुसांखेरीज इतरही कारणे होती. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाची आठवण तिथे बुजलेली नव्हती. काडतुसांविषयीचा संशय मात्र तोवर देशभर पोहोचला होता.

३/ कोकणात शेतीरक्षणासाठी ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे चटकन समजेल. १८५३ ची एनफिल्ड रायफलही तोंडाकडूनच भरावी लागे. काडतूस म्हणजे कागदाची नळी: एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून गोळीकडचा भाग आत सारायचा, उरलेला कागद तोडायचा आणि गजाने ठासायचे. गोळीभोवतालच्या कागदाला चरबी आणि मेण यांचे मिश्रण लावलेले असे.

४/ हे वंगण चैन नव्हे, गरज होती. काळी दारू पूर्णपणे जळत नाही. प्रत्येक बारानंतर नळीत काजळीचा कठीण थर साचतो. रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात आणि गोळी त्यांत घट्ट बसावी लागते. वंगण नसेल, तर काही बारांनंतर गोळी खाली उतरतच नाही. तंत्रज्ञांच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता. चरबी कोणत्या प्राण्याची, हे कोणी काटेकोरपणे ठरवून दिलेच नाही.

५/ आणि ही चूक अजाणतेपणी झालेली नाही. १८५३ मध्ये हवामानाची परीक्षा म्हणून अशी काडतुसे हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगाल लष्करातील अधिकारी कर्नल टकर यांनी शिपायांच्या धर्मभावनेचा इशारा दिला होता. तो कागदोपत्रीच राहिला.

६/ जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे कुजबुज सुरू झाली. २७ जानेवारीस सरकारने शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण वापरण्याची मुभा दिली. पुढे दातांऐवजी हाताने कागद फाडण्याची कवायतही आली. उपयोग झाला नाही. संशय आता चरबीवरून कागदाच्या तकाकीवर सरकला होता. मीरतला २४ एप्रिल रोजी ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी जी काडतुसे नाकारली, ती तर जुन्याच प्रकारची होती. माझ्या मते इथे वंगण हा प्रश्न उरलाच नव्हता. विश्वास संपला होता.

७/ तंत्राने हा प्रश्न सोडवला, पण उशिरा. १८६० च्या दशकात वुलिचच्या कर्नल बॉक्सर यांनी स्नायडर रायफलीसाठी पितळी पत्र्याचे काडतूस तयार केले. ते मागून भरायचे. चावणे नाही, ठासणे नाही. मेण राहिले, पण गोळीच्या खाचांत, पुंगळीच्या आत दडून. शिपायाच्या ओठांशी त्याचा संबंध संपला.

८/ गंमत पुढे आहे. नंतर पुंगळ्या अखंड पितळातून ओढून घडवू लागले. त्या ओढताना वंगण लागतेच, पण नंतर ते धुऊन काढावे लागते. बार उडताना पितळ फुगून नळीच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागचा वायू अडवते. पुंगळी ओशट राहिली, तर ती पकड सुटते आणि सारा धक्का बंदुकीच्या मागच्या यंत्रणेवर येतो. कागदी काडतुसाला जे अत्यावश्यक, ते पितळी काडतुसाच्या बाहेर दोष ठरले. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला, तो याच पितळी युगाच्या आरंभी.

९/ मग रत्नागिरीच्या शिपायाला पितळी काडतूस लगेच मिळाले का? नाही. उठावानंतर देशी पलटणींना रायफलीऐवजी बहुतांशी खाचा नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. स्नायडर त्यांच्या हाती आली, तोवर गोऱ्या पलटणी मार्टिनी-हेन्रीकडे वळल्या होत्या. २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या रणात ६६ वी गोरी पलटण मार्टिनीने लढली; शेजारचे बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स स्नायडरने.