नांगीवालं फुलपाखरू

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला पोर्टफोलिओसाठी स्वतःचं बोधचिन्ह नव्याने करायला घेतलं, तेव्हा मी जेम्स व्हिसलरच्या सह्या एकापुढे एक मांडून पाहिल्या. अमेरिकेत जन्मलेला, लंडनमध्ये गाजलेला हा चित्रकार. आधी तो सरळ नाव लिहायचा. १८६०च्या दशकात त्याला जपानी छापचित्रांचं वेड लागलं आणि दशक सरता सरता जे आणि डब्ल्यू या आद्याक्षरांचं फुलपाखरू होऊ लागलं. ते कोपऱ्यात कुठंही टाकलेलं नसे. चित्राचा तोल पाहून त्याची जागा ठरे. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

१८७७ साली कलासमीक्षक रस्किनने व्हिसलरच्या एका चित्रावर जहरी टीका केली. व्हिसलरने दावा लावला, १८७८ मध्ये जिंकलाही. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं.

पण चिन्ह त्याने टाकलं नाही. १८९०च्या ‘द जेंटल आर्ट ऑफ मेकिंग एनिमीज’ या पुस्तकात तेच फुलपाखरू जागोजागी नव्या पवित्र्यात दिसतं, आणि आता त्याच्या शेपटीला नांगी असते.