किती माणसं बसतील?

मराठवाड्यात नदी ओलांडायला लाकडी होडी होती, पुरात गुऱ्हाळाची काहील होती आणि अलीकडे थर्माकोलचा चप्पू आहे. ताडकळसपासून गोदावरी फार लांब नाही, त्यामुळे परभणीच्या या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. यातल्या कशावरच नंबर प्लेट नसते. किती माणसं घ्यायची हे नावाडी ठरवतो, आणि घाई असेल तर प्रवासीच ठरवतात.

कायद्याने हा आकडा ठरवायला खूप वेळ घेतला. ब्रिटनमध्ये खासदार सॅम्युअल प्लिमसोल यांच्या लढ्यामुळे 1876 साली जहाजाच्या बाजूला भाररेषा रंगवणं सक्तीचं झालं. रेषा बुडाली की जहाज जास्त भरलंय, हे धक्क्यावरच्या हमालालाही दिसणार होतं. पण रेषा कुठे काढायची हे मालकावरच सोडलेलं होतं! ती पळवाट 1890 मध्ये बंद झाली.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात 1868 चा तरींचा कायदा आला. सार्वजनिक तर कोणती, तिचा ठेका कुणाला, उतारूंकडून किती पैसे घ्यायचे, यावर त्याचा मुख्य भर होता. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे तो कायदा इथे लागूच नव्हता. पुढे 1917 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी अंतर्गत जलमार्गांचा कायदा झाला. त्यात तपासणी, नोंदणी, चालकाचं प्रमाणपत्र, प्रवासीमर्यादा असं सगळं होतं, पण ते यंत्रावर चालणाऱ्या नौकांसाठी. वल्ह्यांची होडी त्यातून सुटली.

कागदावर नियम असूनही काय होऊ शकतं, हे 17 जुलै 1947 ला दिसलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी गटारी अमावास्या होती, सणाला घरी जाणाऱ्यांची गर्दी होती. आज पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद ठेवतात, त्यामागचं कारण तोच खवळलेला समुद्र आहे.

नंतर धरणं आली. परभणी जिल्ह्यात येलदरी, गोदावरीवर बंधारे. जिथे उन्हाळ्यात पायी नदी उतरता यायची, तिथे आता बारमाही खोल पाणी असतं. पाणी दिसलं की फिरायला जाणारेही आले. 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात होडी उलटून काही तरुण बुडाले. बुडण्याआधी ते होडीतून फेसबुक लाइव्ह करत होते. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नौका सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मे 2024 मध्ये उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट अचानक सुटलेल्या वाऱ्यात उलटली, सहा जण गेले.

1917 च्या कायद्याची जागा अखेर 2021 च्या अंतर्देशीय नौका कायद्याने घेतली. त्यात यंत्र नसलेल्या होड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांची व्यवस्था राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवू शकतं. म्हणजे शंभर वर्षांनी चप्पूचा प्रश्न ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येण्याची वाट तयार झाली.

पण नियम लिहिला म्हणून तो आपोआप चालत नाही, कुणीतरी तो घाटावर तपासावा लागतो. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत नौदलाच्या स्पीडबोटीने 'नीलकमल'ला धडक दिली आणि 15 जण गेले. धडकेत फेरीबोटीची चूक नव्हती. तरी परवाना 84 प्रवाशांचा आणि बोटीत शंभराहून जास्त माणसं, हेही खरंच. लाइफ जॅकेटची सक्ती त्यानंतर कडक झाली. भारताच्या आर्थिक राजधानीत, गेटवेसमोर ही गत, तर गोदेकाठच्या घाटावर मोजायला कोण उभं असणार?

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. होडीच्या बाजूला रंगवलेला आकडा, घाटावर तोच आकडा लिहिलेली पाटी, माणशी एक जॅकेट आणि वारा सुटला तर होडी न सोडण्याचा अधिकार असलेला एक माणूस. हा माणूस नेमणं पंचायतीच्या आवाक्यातलं काम आहे. तो नेमला जाईपर्यंत मोजणी चढणाऱ्यांनीच करायची. आकडा भरला असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहायची, मागे कितीही आग्रह असला तरी.