ट्रकमधील हीटर व एसीची नियंत्रणे (जुनी वाहने)

ट्रकच्या कॅबिनमधील हवा गरम, गार किंवा कोरडी करणारी आणि ती काचेवर, छातीवर की पायांवर सोडायची हे ठरवणारी, डॅशबोर्डवरच्या दांड्या, नॉब, केबली, झडपा व विजेचे स्विच यांची यंत्रणा. येथे ‘जुने वाहन’ म्हणजे तापमान मोजून आपणच निर्णय घेणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक नसलेले वाहन. अशा गाडीच्या पॅनेलवर निळ्यापासून लाल रंगापर्यंत एक पट्टी असते. तिच्यावर अंश सेल्सिअसचे आकडे नसतात, आणि ते बरोबरच आहे. दांडी कॅबिनचे तापमान ठरवत नाही. ती फक्त एखादी झडप किंवा पाण्याचा कॉक किती उघडायचा एवढेच ठरवते. पुढे खरोखर किती गरम वा गार झाले हे पाहणारे पॅनेलमागे कोणी नसते. ते काम ड्रायव्हरच्या अंगाचे. जुन्या यंत्रणेचे बहुतेक गुण आणि बहुतेक बिघाड या एका गोष्टीतून उलगडतात.

पार्श्वभूमी : मोटारगाडीत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलपासून केली. त्या यंत्रणेत कॉम्प्रेसर बंद करायला डॅशबोर्डवर काहीच सोय नव्हती. हिवाळा आला की इंजिन थांबवून बॉनेटखालचा पट्टाच काढून ठेवावा लागे. १९६४ मध्ये कॅडिलॅकने ठरवलेले तापमान स्वतः राखणारी यंत्रणा आणली. या दोन टोकांच्या मधली, म्हणजे स्विच आहेत पण अक्कल माणसाची, ही अवस्था मालवाहू गाड्यांत मात्र कितीतरी वर्षे टिकली.

भारतात तर तीही उशिरा आली. टाटा कंपनीने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रक बनवायला सुरुवात केली. त्यानंतर कित्येक दशके ट्रक बहुधा चेसिस आणि काउल एवढ्यावरच विकला जाई. कॅबिन लाकूड व पत्रा वापरून बॉडीबिल्डर बांधून देई. पत्र्याच्या खोक्यात, इंजिनाच्या डब्याला मांडी लावून बसलेल्या ड्रायव्हरला हवेचे नियंत्रण म्हणजे खिडकीची काच आणि पायाजवळची झडप. डब्यावर गोधडी अंथरून तिथे क्लीनरला झोपवण्याची रीतही त्यातलीच. थंडीत ती जागा हवीहवीशी आणि मेमध्ये शिक्षेची. १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७, त्यानंतरचे पिकअप आणि सुमो-बोलेरोच्या पिढीतील गाड्या यांमुळे हीटर, ब्लोअर व एसीची पॅनेले मालवाहतुकीच्या जगात हळूहळू परिचयाची झाली. जड ट्रकांत एसी सक्तीचा करणारी अधिसूचना केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये काढली. तिच्यानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ व एन-३ वर्गातील, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांच्या कॅबिनला एसी हवाच. रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या गाड्यांना हा नियम लागू नाही. त्यामुळे या नोंदीचा विषय अजून बरीच वर्षे गॅरेजमध्ये भेटत राहणार.

उष्णतेची बाजू : हीटरला वेगळे इंधन लागत नाही. इंजिन थंड ठेवणारे पाणी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे साधारण ८० अंशांपर्यंत तापते. त्यातला थोडा प्रवाह दोन रबरी होसपाइपांतून डॅशबोर्डखालच्या हीटर कॉइलमध्ये, म्हणजे एका छोट्या रेडिएटरमध्ये, फिरवला जातो. गरमी कमीजास्त करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत केबल पाण्याच्या कॉकला जोडलेली असते. दांडी लाल बाजूला सरकवली की कॉक उघडतो. दुसरीत कॉइल कायम गरम असते आणि एक झडप हवेचा काही भाग कॉइलमधून व काही बाहेरून नेऊन मिसळते. पहिली पद्धत स्वस्त, पण आळशी: दांडी हलवल्यावर फरक जाणवायला वेळ लागतो, आणि इंजिनाचा वेग बदलला की पाण्याचा प्रवाह बदलून गरमीही बदलते. दुसरी तत्काळ परिणाम देते. मात्र झडपेच्या कडेचा फोम कुजला की भर उन्हाळ्यात एसीच्या हवेत गरम हवा मिसळू लागते आणि मालक विनाकारण एसीचा गॅस भरून घेतो. अशा वेळी हीटरच्या होसला एक साधा कॉक बसवून उन्हाळाभर बंद ठेवणे हा स्वस्तातला आणि चांगला इलाज आहे.

केबल ही नळीतून जाणारी पोलादी तार. तिची बाहेरची नळी क्लिपने घट्ट धरलेली असेल तरच आतली तार सरकते. क्लिप निसटली की दांडी ओढल्यावर तारेऐवजी नळीच मागेपुढे होते, आणि दांडी लोण्यात सुरी फिरावी तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. याउलट गंजलेल्या केबलीची दांडी जड लागते. तेव्हा जोर लावला तर प्लॅस्टिकचा दातेरी भाग तुटतो, आणि तो सुटा मिळेलच असे नाही. पॅनेल खोलण्याआधी दांडीला हाताने तपासणे ही जुन्या गाडीवरची पहिली परीक्षा.

अमेरिकी जुन्या पिकअपमध्ये हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा बहुधा निर्वातावर चालत. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून येणारा ओढा पातळ नळ्यांतून रबरी पडद्यांपर्यंत पोहोचे. चढावर पूर्ण रेस दिली की हा ओढा पडतो. त्यामुळे नळीत गळती असली तर गारवा अचानक काचेकडे वळे. ओढा नसला की हवा काचेवर जावी अशीच रचना केलेली असे, कारण बिघाडातही समोरचे दिसले पाहिजे. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये असा ओढा नसतो. त्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो, म्हणून आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत केबलच रुळली. ती दिसते, हाताने तपासता येते आणि फार तर तुटते.

गारव्याची बाजू : एसीचे बटण दाबल्यावर वीज अनेक पहाऱ्यांतून जाते आणि त्यातला एक जरी उघडा असला तरी कॉम्प्रेसर चालत नाही. ब्लोअर सुरू असावा लागतो, नाहीतर कूलिंग कॉइलवर बर्फ जमेल. गॅसचा दाब सुमारे २ बारपेक्षा खाली गेला की प्रेशर स्विच वाट तोडतो, कारण गॅससोबत फिरणारे तेल न पोहोचल्यास कॉम्प्रेसर कोरडा घासला जातो. दाब ३० बारच्या आसपास चढला तरीही तोडतो. शेवटचा पहारा एसीच्या थर्मोस्टॅटचा. त्याची केसासारखी बारीक तांब्याची नळी कूलिंग कॉइलच्या पत्र्यांत खोचलेली असते. कॉइल गोठणबिंदूच्या जवळ आली की नळीतील गॅस आकसून संपर्क तुटतो, काही अंश वर गेली की पुन्हा जुळतो. हे सगळे जमले की पुलीवरचा मॅग्नेट क्लच ‘टक्’ असा आवाज करून कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडतो. जुन्या एसीत गारवा कमीजास्त होतो तो असा: कॉम्प्रेसर पूर्ण चालतो किंवा पूर्ण थांबतो, अधलेमधले काही नाही. ‘कूल’ लिहिलेला नॉब फिरवणे म्हणजे तो किती वेळाने थांबेल हे बदलणे.

थर्मोस्टॅटची ती नळी दुरुस्तीच्या वेळी बाहेर राहिली तर एक फसवा बिघाड होतो. गाडी निघाल्यावर गारवा उत्तम असतो. तासाभराने हवाच कमी होत जाते, ब्लोअरचा आवाज मात्र तोच राहतो. एसी बंद करून पंधराएक मिनिटे नुसता ब्लोअर चालवला की गाडीखाली भरपूर पाणी पडते आणि हवा परत येते. कॉइलवर बर्फ धरला होता, एवढेच. इथे गॅस भरून उपयोग नाही.

ब्लोअरचे वेग रेझिस्टन्सच्या पट्टीने ठरतात. पहिल्या वेगाला वीज जास्त अडथळ्यांतून जाते, शेवटच्या वेगाला सरळ. म्हणून फक्त शेवटचा वेग चालत असेल तर रेझिस्टन्स जळला असे जवळजवळ खात्रीने सांगता येते. एकही वेग चालत नसेल तर फ्यूज, मोटरचे कार्बन किंवा अर्थिंग पाहावे. ही पट्टी मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेली असते, म्हणजे ती गार राहते. जाळी धुळीने भरली की हवा अडते आणि पट्टी तापून जाते.

जड ट्रकमध्ये मागाहून एसी बसवताना सर्वांत जास्त गोंधळ विजेच्या दाबाचा होतो. मोठ्या ट्रकात बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात, आणि मोटारगाडीचा ब्लोअर किंवा क्लच १२ व्होल्टचा असतो. तो सरळ जोडला तर जळतो. म्हणून काही जण दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतात. एसी चालतो खरा, पण ती बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी कायम जास्त चार्ज; थोड्याच काळात दोन्ही जातात. कन्व्हर्टर बसवणे किंवा २४ व्होल्टचे सामान घेणे एवढेच योग्य.

उस्मानपुऱ्याच्या हवेत : कोणती दांडी केव्हा वापरायची हे गावच्या हवामानावर ठरते. उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरमधील उस्मानपुरा. हा क्रांती चौक आणि रेल्वेस्थानक यांच्या दरम्यानचा भाग.  स्थानकाजवळ जुनी औद्योगिक वसाहत आणि त्यापुढे वाळूज व पैठणकडे जाणारे रस्ते. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो किंवा ओलांडतो, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांवर येतो.

उन्हात उभ्या पत्र्याच्या कॅबिनमधील हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ तापलेली असते. म्हणून आधी काचा उघड्या ठेवून दोन-तीन मिनिटे ती बाहेर काढावी, मग काचा लावून बाहेरची हवा घेणारी झडप बंद करावी आणि आतलीच हवा फिरवावी. तसे न करता एसी आपटून लावणे म्हणजे ४२ अंशांची हवा पुन्हापुन्हा गार करण्यात डिझेल घालवणे. पावसाळ्यात नेमके उलटे. तीच झडप बंद राहिली तर ओले कपडे आणि श्वास यांची वाफ आतच राहून काच धुरकट होते. बाहेरची हवा, दिशा काचेकडे, एसी चालू आणि दांडी थोडी लाल बाजूला: कूलिंग कॉइल हवेतील पाणी काढून घेते, हीटर ती कोरडी हवा गरम करतो आणि काच लवकर साफ होते. मराठवाड्यात हीटर कशाला, असे विचारणाऱ्याला जुलैतील जालना रस्ता पुरेसे उत्तर देतो.

हीटरचा आणखी एक उपयोग पुस्तिकेपेक्षा ड्रायव्हरांच्या तोंडी जास्त आहे. चाळीसगावकडून कन्नडला चढणाऱ्या औट्रम घाटात २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी झाली. त्याआधी भरलेली गाडी तिथे चढताना काटा लाल रेषेकडे सरकू लागला की एसी बंद करून हीटर व ब्लोअर पूर्ण उघडत. हे शास्त्राला धरून आहे. एसीचा कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर सोडणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे असतो; एसी बंद झाला की रेडिएटरला कमी तापलेली हवा मिळते, कॉम्प्रेसरचा भार उतरतो आणि हीटर कॉइल दुसऱ्या रेडिएटरचे काम करते. आत बसणाऱ्याचे हाल होतात, इंजिन वाचते.

बिघाड ओळखणे : हीटर गरम करत नसेल तर इंजिन तापल्यावर काउलमध्ये शिरणारे दोन्ही होस जपून हात लावून पाहावेत. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरते आहे, दोष झडपेत. एक गरम, एक गार असेल तर कॉक बंद किंवा कॉइल चोंदलेली. दोन्ही कोमट असतील तर इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा किंवा पाणी कमी असावे. क्लीनरच्या पायाशी पाणी साचले तर ते बोटाने चोळून पाहावे. निव्वळ पाणी असेल तर एसीची निचरा-नळी तुंबली आहे, तार घालून मोकळी करावी. चिकट, गोडसर वासाचे असेल आणि काचेवर तेलकट थर येत असेल तर ते कूलंट आहे, हीटर कॉइल फुटली आहे.

गॅसबद्दल : जुन्या गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. तो ओझोन थराला घातक असल्याने माँट्रियल करारानुसार भारतात २०१० पर्यंत बंद झाला आणि त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. एकात दुसरा भरता येत नाही. आर-१२ सोबत खनिज तेल फिरते. आर-१३४ए मध्ये ते मिसळत नाही, त्यामुळे तेल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. बदल करताना जुने तेल काढणे, ड्रायर व रबरी रिंगा बदलणे, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व ओल खेचून घेणे ही कामे टाळता येत नाहीत. गॅस दरवर्षी भरावा लागत असेल तर ती गळती आहे. जोडांवर तेलाचे डाग आणि त्यांवर बसलेली काळी धूळ दिसते तिथून शोध सुरू करावा. बहुतेक वेळा कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलपाशी किंवा कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे चाकांचा चिखल उडतो, तिथे तो संपतो.