पेडणे-डिचोलीचे मास्तर

ग्रंथालयाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात संस्थापकांची नावे येतात, देणगीदारांची येतात, इमारतीचा जमाखर्चही येतो. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला तो वाचक कोठून आला, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. गोमंतकातील मराठी ग्रंथालयांपुरते त्याचे उत्तर सरळ आहे. तो खेड्यातील मराठी शाळेतून आला, आणि त्याला वाचनाची गोडी लावली ती भाषा व इतिहास शिकविणाऱ्या मास्तरांनी. पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडील दोन तालुक्यांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे.

याचे कारण इतिहासात सापडते. तिसवाडी, बारदेश, साष्टी हा मुलूख सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि तेथील देवळांबरोबर देवळांच्या आश्रयाने चालणारे शिक्षणही मोडून पडले. डिचोली त्यांच्या हाती आली ती १७८१ मध्ये, आणि पेडणे १७८८ मध्ये. तोपर्यंत धर्मसक्तीचा पहिला जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतील लोकांच्या धर्माचारात हात न घालण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले होते. त्यामुळे येथे देवळे राहिली, कीर्तन-पुराण राहिले आणि अगरशाळेत किंवा एखाद्या घराच्या पडवीत बसणारा पंतोजीही राहिला.

हा पंतोजी बहुधा सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या बाजूचा. मुळाक्षरे, पाढे, मोडी वाचन आणि थोडा हिशेब, एवढाच त्याचा अभ्यासक्रम. वेतन घरटी ठरलेले, पुष्कळदा धान्याच्या रूपाने. परंतु त्याच्याकडून गावाची अपेक्षा केवळ अक्षरओळखीची नव्हती. मुंबईला चाकरीस गेलेल्या माणसाचे पत्र त्यानेच वाचून दाखवायचे आणि उत्तरही त्यानेच लिहायचे. श्रावणात पोथी त्याने सांगायची. पुढे जत्रेतल्या नाटकाची तालीमही गावोगाव मास्तरांकडेच आली. भूमिका वाटणे, शुद्ध उच्चार करवून घेणे, प्रयोगाच्या रात्री विंगेतून शब्द देणे, ही सर्व भाषा-शिक्षणाचीच कामे होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शाळेत ज्याची जीभ वळली नाही, त्याची ती रंगभूमीवर वळली.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंवरील निर्बंध सैल झाले. शिक्षणसंस्था काढण्याचा उत्साह त्यानंतर वाढला. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची. दादा वैद्य यांच्या पुढाकाराने फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले ते १९११ मध्ये. आडगावच्या पडवीतील पंतोजीला ‘मास्तर’ ही नवी प्रतिष्ठा याच काळात लाभली.

प्रतिष्ठेबरोबर एक पेचही आला. सरकारी पोर्तुगीज ‘इश्कोलां’त मुलाला लिस्बनच्या राजांचा आणि वास्को द गामाच्या सफरीचा इतिहास शिकविला जाई. मराठी शाळेत तोच मुलगा शिवाजी महाराजांच्या गोष्टी ऐके. एकाच गावात दोन इतिहास नांदत होते आणि ते एकमेकांना ओळख देत नव्हते. सालाझारच्या राजवटीत सरकारची नजर कडक झाली, तेव्हा कोणता धडा किती मोठ्या आवाजात वाचावा हेही मास्तरांना ठरवावे लागले.

काहींनी याचे उत्तर आयुष्य पणाला लावून दिले. मोहन रानडे हे नाव सर्वश्रुत आहे. सांगलीकडून आलेला हा तरुण फोंडे तालुक्यातील सावई-वेरे येथे मराठी शिकवीत होता. आझाद गोमंतक दलात शिरल्यावर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात तो जखमी होऊन पकडला गेला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते १९६९ मध्ये. पेडणे तालुक्यातच १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला आणि पुढच्याच वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. या घटनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि अशा तेजस्वी उदाहरणांच्या प्रकाशात एक गोष्ट दिसेनाशी होते. जे तुरुंगात गेले नाहीत आणि रोज सकाळी फळ्यासमोर उभे राहिले, त्यांचे काम वेगळ्या तऱ्हेने अवघड होते.

त्यातले सर्वांत अवघड काम भाषेचे. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मुलाची घरची बोली कोकणी, आणि पेडण्याकडे तर ती मालवणीला अगदी खेटून असलेली. आरती, अभंग, पोथी आणि पुस्तक मराठीत. मुलाच्या तोंडून घरचा शब्द निघाला की त्याला हसणारे मास्तर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोकणीसाठी जन्म वेचलेले शणै गोंयबाब १८७७ मध्ये डिचोलीतच जन्मले, हा योगायोग मराठीच्या अभिमान्यांनी विसरू नये. ज्या शिक्षकाने घरच्या शब्दाचा हात धरून मुलाला पुस्तकातल्या शब्दापर्यंत नेले, त्याचा विद्यार्थी दोन्ही भाषांत राहिला. ज्याने घरचा शब्द हिणवला, त्याचा विद्यार्थी बहुधा दोन्हींना दुरावला. १९६७ च्या जनमत कौलात आणि पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी जी कटुता उसळली, तिचे काही धागे वर्गातल्या या लहानशा हसण्यापर्यंत जातात.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि शिक्षणाला सरकारी पगाराचा आधार मिळाला. मात्र १९७५ मध्ये गोव्याचे स्वतंत्र शालान्त मंडळ स्थापन होईपर्यंत येथील मराठी माध्यमाची मुले पुण्याच्या मंडळाच्या परीक्षेस बसत. पुस्तके महाराष्ट्रातील मुलांसाठी लिहिलेली. रायगड, प्रतापगड पाठ. आणि ज्याच्यावरून एका पोर्तुगीज व्हाइसरॉयला ‘अलोर्नाचा मार्किस’ ही पदवी मिळाली, तो हळर्णचा किल्ला दोन कोसांवर असून परका! पुस्तकातले हे अंतर भरून काढणे ही मास्तरांची जबाबदारी कोणत्याही परिपत्रकात नव्हती. ती ज्यांनी उचलली त्यांना संदर्भासाठी ग्रंथालयाखेरीज दुसरे ठिकाण नव्हते. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. सत्तरीच्या पिसुर्ले गावच्या संशोधकाचे हे पुस्तक शेजारच्या तालुक्यातील शिक्षकाच्या हाती पडले असेल, तर ते ग्रंथालयाच्या कपाटातूनच.

आज शिक्षकाची कर्तव्ये कायद्याने लिहून ठेवली आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वेळेवर हजेरी, अभ्यासक्रमाची पूर्तता, प्रत्येक मुलाच्या आकलनाची नोंद, पालकांशी भेट, असे सर्व आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे त्याच्यावर लादू नयेत, असेही आहे. यादी चांगली आहे. पण मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरू लागली, तेथे आजोबांची गुरे चरत होती हे नातवाला कोणी सांगायचे? डिचोलीच्या खाणींनी गावाला काय दिले आणि काय नेले, याचा धडा कोणत्या इयत्तेत आहे? प्राथमिक स्तरावर इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला. खेड्यातल्या मराठी शाळांचा पट आधीच उतरत होता. काही शाळांना कुलूप लागले. मास्तरच नसेल तर त्याच्या कर्तव्याची चर्चा कोणाशी करायची, असाही प्रश्न आहे.

डिचोली तालुक्यातील नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. दिवाडी बेटावरील मूळ देवालय पाडले गेल्यावर देव नदी ओलांडून येथे आला आणि शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावरील देवनागरी शिलालेखात शके १५९० हा काल कोरलेला आहे. गोवा सरकारने देवळाचे नूतनीकरण करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले, तेव्हापासून सहली वाढल्या आहेत. बहुतेक मुले पायरीवर छायाचित्र काढून परततात. एखादा शिक्षक मात्र त्यांना लेखाखाली उभे करतो, अक्षर अक्षर लावून वाचावयास सांगतो आणि शकाच्या आकड्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा म्हणतो. मुले बोटांवर मोजतात. सोळाशे अडुसष्ट.