औषधाच्या अंगावरची साखर

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण इथल्या राइस मिलची घरघर त्याहून कितीतरी जुनी. धान भरडण्यात कसब कशाचे, हे इथे कोणालाही विचारा. टरफल पुरते निघाले पाहिजे आणि दाणा तुटता कामा नये. आज मी ज्या कामाविषयी बोलणार आहे ते औषधांच्या प्रयोगशाळेतले आहे. पण त्यातले कसब याच जातीचे. फरक एवढाच की तिथे दाण्यापेक्षा टरफलाची जपणूक अधिक.

मूत्रपिंडे निकामी झाली की रुग्णाचे रक्त कमी होऊ लागते. कारण हाडांतल्या मगजाला ‘तांबड्या पेशी तयार कर’ असा निरोप देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होते. हे संप्रेरक म्हणजे १६५ अमिनो आम्लांची माळ, आणि त्या माळेवर चार ठिकाणी शर्करेच्या फांद्या फुटलेल्या. एकूण वजनाचा सुमारे ४० टक्के भाग या शर्करेचाच. अशा शर्करायुक्त प्रथिनांना ग्लायकोप्रोटीन म्हणतात.

हा पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती यायला १९७७ साल उजाडले. जपानमधील ताकाजी मियाके यांनी रक्तक्षयाच्या विशिष्ट रुग्णांचे २,५५० लिटर मूत्र जमवले आणि शिकागोत युजीन गोल्डवॉसर यांच्यासह त्यातून काही मिलिग्रॅम एरिथ्रोपोएटिन वेगळे काढले. १९८३ मध्ये फू-कुएन लिन यांनी त्याचे जनुक शोधले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले. इन्सुलिन जिवाणूंकडून करून घेता येते. पण साध्या जिवाणूला या शर्करेच्या फांद्या लावता येत नाहीत. म्हणून हे औषध चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत तयार करतात.

या फांद्यांना एवढे महत्त्व का? १९६८ च्या सुमारास गिल्बर्ट अ‍ॅशवेल आणि अनातोल मोरेल यांनी सशांवर प्रयोग केले. रक्तातल्या एका प्रथिनाच्या शर्करेचे टोक, म्हणजे सियालिक आम्ल, त्यांनी काढून टाकले. एरवी कित्येक तास रक्तात फिरणारे ते प्रथिन काही मिनिटांत यकृताने उचलून नेले. एरिथ्रोपोएटिनचेही तसेच. टोक गेलेले औषध परीक्षानळीतल्या पेशींवर उत्तम काम करते. माणसाच्या शरीरात मात्र त्याचा उपयोग होत नाही. सुई टोचली जाते, पैसे खर्च होतात, रक्त काही वाढत नाही.

आपल्याकडे अशा औषधांच्या स्वस्त आवृत्त्या निघू लागल्या, तेव्हा हा प्रश्न दारात आला. नवी मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसने २००८ मध्ये आपले एरिथ्रोपोएटिन बाजारात आणले. २०१२ मध्ये केंद्र सरकारने अशा ‘समरूप’ जैविक औषधांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मूळ औषधाशी तुलना करायची तर शर्करेचीही तुलना आली. आणि तुलना करायची तर आधी ती प्रथिनावरून सोडवून घेणे आले.

पूर्वी हे काम हायड्रॅझिनने करीत. अग्निबाणाच्या इंधनात वापरतात तेच हे जहाल रसायन. त्याने शर्करा सुटे, पण प्रथिनाच्या चिंधड्या होत. १९८० च्या दशकात पीएनजीएज-एफ हे जिवाणूपासून मिळणारे एन्झाइम हाती आले आणि कुऱ्हाडीच्या जागी जणू सुरी आली. आज नमुना आधी क्षारांपासून स्वच्छ करतात. मग साबणासारख्या द्रव्यात तापवून प्रथिनाची घडी उलगडतात, म्हणजे एन्झाइमला सांधा सापडतो. ते साबणी द्रव्य एन्झाइमलाही मारक असते, म्हणून दुसऱ्या सौम्य द्रव्याने त्याचा जोर मोडतात. मग ३७ अंश सेल्सिअसला, बहुधा रात्रभर, एन्झाइमला काम करू देतात. एरिथ्रोपोएटिनच्या चारपैकी तीन फांद्या अशा सुटतात. चौथीचा सांधा निराळा असल्याने तिच्यासाठी वेगळी पद्धत लागते.

सुटलेली शर्करा यंत्राला नीट दिसत नाही. तिला चमकणारा रंग जोडावा लागतो. इथे खरी कसोटी आहे. रंग जोडायला आम्ल आणि उष्णता लागते, आणि सियालिक आम्लाचे टोक नेमके त्यांनीच गळून पडते. हात चुकला तर चांगले औषध वाईट ठरते. उलट काही फांद्या प्रथिनावरच राहून गेल्या तर त्या मोजल्याच जात नाहीत आणि सदोष माल चांगला म्हणून पुढे जाऊ शकतो. म्हणून शहाणा रसायनज्ञ ओळखीचा एक नमुना सोबत चालवतो, आणि एन्झाइमनंतर उरलेल्या प्रथिनाचे वजन अपेक्षेइतके उतरले का, तेही तपासतो.

अशी तपासणी प्रत्येक लहान उद्योगाला परवडत नाही. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनच्या साहाय्याने पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटरमध्ये जैविक औषधांच्या विश्लेषणाचे केंद्र उभे राहिले, ही त्या दृष्टीने मोलाची गोष्ट.

महागड्या यंत्राचा आलेख सर्वांना दिसतो; त्याआधी नमुन्यावर झालेले दोन दिवसांचे काम दिसत नाही. यंत्र तर त्याच्यापुढे ठेवलेलेच मोजते. देवरी-सालेकशाहून डायलिसिसला येणाऱ्या माणसाला कुपीतल्या शर्करेची टोके शाबूत आहेत का, हे कधी विचारता येणार नाही. त्याच्या वतीने हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या माणसाने विचारायचा असतो. स्वस्त औषधावर गरिबाने विश्वास ठेवावा, असे म्हणण्याचा अधिकार त्यातूनच येतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)