कोंकणी तारवांचें घरगुती साहित्य

मराठ्यांच्या आरमाराविषयीं आजवर जें लिखाण झालें आहे, त्यांत लढाया, सरदार, तह व कौल यांचा ऊहापोह भरपूर आढळतो. परंतु फळ्या कशानें जोडल्या, दोर कोणीं वळला, नांगर कशाचा घडविला, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ह्या उपेक्षेंतून एक समज दृढ झाला आहे. कोंकणी तारवांवर लोखंडी साहित्य थोडें, म्हणून तीं ओबडधोबड. आणि तीं ओबडधोबड, म्हणून त्यांचे कारागीर मागासलेले, असें मानण्याची वहिवाट पडली आहे. ह्या समजाला आधार किती, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

तारवाला लागणारें साहित्य मिळविण्याचे मार्ग तीन: तयार माल विकत घेणें, शत्रूचा पकडणें, किंवा आपल्या किनाऱ्यावर जें पिकतें व सांपडतें त्यापासून घरच्या घरीं करणें. ह्यांपैकीं तिसरा मार्ग सर्वांत जुना, आणि त्याचे पुरावेही सर्वांत जुने आहेत. इ. स. १३२१ नंतर लवकरच ओदोरिक नांवाचा इटालियन ख्रिस्ती साधु होर्मुझहून निघून अठ्ठावीस दिवसांनीं ठाण्यास उतरला. तो ज्या तारवांतून आला तें केवळ दोरीनें शिवलेलें होतें, व त्यांत लोखंड म्हणून कोठेंही दृष्टीस पडलें नाहीं, असें तो लिहितो. त्याच्या अगोदर कांहीं वर्षें मार्को पोलोनें होर्मुझचीं अशींच तारवें पाहिलीं होतीं. त्यानें तीं धोक्याचीं ठरविलीं. भोजाच्या नांवावर मोडणाऱ्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत असें सांगून त्याचें कारण पाण्यांतील लोहचुंबक असें दिलें आहे. चुंबकाची गोष्ट कोणी खरी मानणार नाहीं. परंतु ज्या किनाऱ्यावर शिवलेलीं तारवें सर्रास चालत होतीं, तेथील रूढीला शास्त्राचा आधार देण्याचा तो प्रयत्न असावा, असें आम्हांस वाटतें.

शिवण्याचें साधन म्हणजे काथ्या. नारळाचें सोडण खाडीच्या खाऱ्या चिखलांत कित्येक महिने कुजत ठेवावयाचें, मग बडवून तंतु मोकळे करावयाचे, व ते हातानें वळून सुंभ करावयाचा, ही कृति सर्वांच्या परिचयाची आहे. तीस ना भट्टी लागते ना दूरचा माल. माडाच्या बागेंत जें टाकाऊ म्हणून पडतें, त्यावरच ती चालते. काथ्याचा गुणही तारवाला साजेसा आहे. तो खाऱ्या पाण्यांत लवकर कुजत नाहीं, पाण्यावर तरंगतो, आणि ताण पडला असतां थोडा लांबतो. ह्या शेवटच्या गुणामुळें नांगराच्या दोरास लाटेचा हिसका एकदम बसत नाहीं. फळ्यांच्या कडांना भोंकें पाडून सुंभानें शिवलेली होडी वाळूवर आपटली तरी लवते, फुटत नाहीं. ज्या किनाऱ्यावर धक्का नाहीं व लाटांतूनच होडी ओढून घ्यावी लागते, तेथें हा गुण मोलाचा होय. रांपणीच्या मासेमारीसाठीं गोव्याच्या किनाऱ्यावर शिवलेल्या होड्या अलीकडच्या काळापर्यंत वापरांत राहिल्या, ह्याचें कारण हेंच. दोष हा, कीं शिवण वेळोवेळीं उसवून नवी घालावी लागते, आणि अशा अंगावर जड तोफेचा धक्का सोसत नाहीं.

तोफा आल्या तेव्हां खिळा अपरिहार्य झाला. सोळाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या तारवांत खिळ्यांचा वापर वाढत गेला. परंतु खिळा हा जिन्नस परदेशीं विकत घेण्याची गरज नव्हती. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वराच्या आसपास, धावड लोक कोळशाच्या भट्ट्यांत लोखंड गाळीत असत. आणि चौकोनी खिळा घडविण्यास गांवच्या लोहाराचा भाता व ऐरण पुरेशी होती. खिळा आरपार ठोकून त्याचें टोंक आंतल्या बाजूस वळवून बसवावयाचें व त्याच्या डोक्याखालीं तेलांत भिजविलेल्या तंतूंचा पीळ घालावयाचा, ही रीत अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर होती. शिवाय लांकूड सागवानी. सागाच्या अंगीं जें तेल असतें, त्यामुळें खिळा लवकर गंजत नाहीं. उलट युरोपांतील ओकच्या लांकडांत जें आम्ल असतें, तें लोखंडास खातें. म्हणजे साधा गांवठी खिळाही येथें अधिक टिकत असे.

फळ्या एकमेकींत बसविण्याच्या कलेचाही येथें विचार केला पाहिजे. सुरतेच्या कारखान्यांत एका फळीच्या कडेस खांचणी करून दुसरीची कड तींत बसवीत, व मध्यें राळेंत भिजविलेला कापूस घालीत. १७७५ च्या सुमारास तेथें आलेला डच दर्यावर्दी स्टॅव्होरिनस ह्यानें ह्या जोडणीची मुद्दाम नोंद केली आहे. युरोपीय रीतींत फळ्या नुसत्या कडेला कड लावून मधली फट तागानें व डांबरानें बुजवीत, आणि ती पुन्हा पुन्हा बुजवावी लागे. सुरती रीतींत सुताराचे श्रम अधिक, पण पुढील देखरेख कमी. लोखंड व डांबर महाग, आणि कुशल हात स्वस्त व जवळ, अशा देशांत हीच काटकसर शहाणपणाची होती. तळाला चुना व तेल एकत्र घोटून लेप देत, त्यानें लांकूड पोंखरणाऱ्या किड्यापासून बचाव होई. ह्या लेपास लागणारी एकही वस्तु किनाऱ्याबाहेरून आणावी लागत नसे.

आतां नांगर. लोखंडाचा मोठा नांगर घडविणें हें लहान लोहाराच्या शक्तीबाहेरचें काम आहे. त्याचा दांडा अनेक पट्ट्या एकत्र तापवून एकजीव करावा लागतो, आणि तेवढा लोहपिंड सारखा तापविण्यास हाताचा भाता पुरत नाहीं. जोड कच्चा राहिला, तर नेमका वादळांत दांडा तुटतो. ह्या अडचणीवर किनाऱ्यानें दोन उपाय काढले. एक, बारीक सळयांचा चार फाळांचा नांगर. तो गांवांत घडवितां येतो. दुसरा, दगडी नांगर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस सिंधुदुर्ग व विजयदुर्ग येथें अशा दगडी नांगरांचा शोध घेऊन ते प्रसिद्ध केले. त्यांत जो भारतीय-अरबी म्हणून ओळखला जाणारा प्रकार आहे, तो उभ्या चौकोनी खांबासारखा असतो. वरच्या टोंकाजवळ दोरासाठीं एक गोल भोंक, आणि खालच्या भागांत एकमेकांशीं काटकोनांत असलेलीं दोन चौकोनी भोंकें. ह्या चौकोनी भोंकांतून लांकडी दांडे आरपार घातले, कीं नांगर कसाही पडला तरी एक दांडा तळाच्या चिखलांत रुततो. वजन दगडाचें, पकड लांकडाची, आणि दोर काथ्याचा. लोखंड तोळाभरही नाहीं. दांडा मोडला तर नवा घालावा. दोर तुटून नांगर गेला तर पाथरवटानें दुसरा घडवावा. हा प्रकार इराणच्या आखातापर्यंत सांपडतो. त्याला दारिद्र्याची खूण म्हणणें म्हणजे अनेक शतकांच्या अनुभवाला नांवें ठेवणें होय.

ह्या पार्श्वभूमीवर इ. स. १६५९ चा प्रसंग पाहावा. कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं तेथें गलबतें बांधण्यास आरंभ केला. त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस व त्याचा पुत्र फेर्नांव व्हियेगस हे पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें त्यांस आंतून निरोप पाठवून फोडलें, आणि ते आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेले. उसनी विद्या केव्हां काढून घेतली जाईल ह्याचा नेम नसतो, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण. तरीही फेब्रुवारी १६६५ मध्यें बसरूरच्या मोहिमेस महाराज निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबर ८५ लहान व ३ मोठीं गलबतें होतीं, असें इंग्रजांच्या पत्रांवरून दिसतें. सहा वर्षांत एवढा संच उभा राहिला, तो किनाऱ्यावरील सुतार, लोहार व दोर वळणारे यांच्या हातांवाचून राहिला असेल, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं.

अर्थात् सर्वच घरीं होत होतें, असा आमचा आग्रह नाहीं. तोफा व शिसें विकत घ्यावें लागे. १६७३ मध्यें फ्रेंचांनीं महाराजांस तोफा व शिसें विकल्याचे उल्लेख इंग्रजी कागदांत आहेत. पकडलेल्या मालाचेंही एक ठळक उदाहरण आहे. १७३५ च्या अखेरीस संभाजी आंग्रे ह्यानें ‘डर्बी’ हें इंग्रजी जहाज पकडलें. त्यावर मुंबईच्या आरमारासाठीं विलायतेहून येणारा नौकासाहित्याचा मोठा सांठा होता. आंग्र्यांचीं गलबतें त्यानें सजलीं, आणि मुंबईकरांची ओढाताण झाली. ह्या प्रसंगाची दुसरी बाजू अधिक बोधक आहे: मुंबईचें आरमार विलायतेहून येणाऱ्या दोराकाठ्यांवर इतकें अवलंबून होतें, कीं एक जहाज गेलें तरी त्याची अडचण व्हावी.

तीच गोष्ट पाऊणशें वर्षांनीं पुन्हा घडली. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या हातांखालीं सागवानी युद्धनौका बांधल्या जात. ‘कॉर्नवॉलिस’ ही नौका बांधली जात असतां तिच्या तळास मढविण्याचें तांबें ‘जावा’ ह्या जहाजांतून इंग्लंडहून पाठविण्यांत आलें. ‘ट्रिंकोमाली’चे आराखडेही त्यांतच होते. २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’नें ‘जावा’चा पाडाव केला, आणि तांबें व आराखडे दोन्ही गेलीं. लांकूड मलबारचें, हात मुंबईचे, कौशल्य कोणासही हार न जाणारें. परंतु एका जिनसासाठीं अर्ध्या पृथ्वीपलीकडे पाहावें लागे. ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्यें पाण्यांत उतरली व अद्यापि इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेली आहे.

घरगुती साहित्य म्हणजे फुकटचें साहित्य नव्हे, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रांत आरमारावर जें प्रकरण आहे, त्यांत ह्याचा मार्मिक विचार आहे. रानांतील साग वगैरे हुजूरची परवानगी घेऊन तोडावे, आणखी लागेल तें लांकूड परमुलुखांतून खरेदी करावें, असें तेथें सांगितलें आहे. आंबा व फणस हींही झाडें आरमाराच्या उपयोगाचीं. पण तीं रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं, म्हणून त्यांस हात लावण्याची मनाई केली आहे. एकादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून व पैसा देऊनच तोडावें. म्हणजे जवळचें झाड स्वस्त व परमुलुखांतील लांकूड महाग, असा वरवरचा हिशेब अमात्यांनीं नाकारला आहे. ज्या काटकसरीची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते, ती काटकसर नव्हे, हें तत्त्व आरमाराच्या कारखान्यालाही त्यांनीं लागू केलें. आमच्या मतें ह्या विषयांतील तें सर्वांत मोलाचें वचन आहे.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत गिर्ये येथें आंग्र्यांची गोदी आहे. ती सुमारें ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद असून बव्हंशी कातळ खोदून केलेली आहे. भरतीच्या पाण्यानें गलबत आंत यावें व ओहोटीनें कोरडें पडावें, एवढीच तिची युक्ति. निसर्गाकडून फुकट काम करून घेण्याचा तो उत्तम नमुना आहे. परंतु फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हां खाडींत एकत्र नांगरलेलें आंग्र्यांचें आरमार तोफांच्या आगीनें जळून गेलें. स्वस्तांत दुरुस्त होणारें तारूं पुन्हा बांधतां येतें; पण बांधणारी सत्ताच खचली, म्हणजे सुंभ व दगड काय करणार? साहित्याची स्वयंपूर्णता ही राज्याला आधार देते, राज्याची जागा घेत नाहीं.

शेवटीं, जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस एक विनंति. दप्तर चाळतांना शिक्क्याचें पत्र हातीं लागलें कीं तें जपून ठेवावें, आणि खिळे, राळ, तेल, सुंभ, शिडाचें कापड यांची फाटकी याद रद्दींत टाकावी, अशी आपली संवय आहे. किनाऱ्यावरील खोत, भंडारी, कोळी, गाबीत व दालदी यांच्या घरांतून असे हिशेबी कागद निघाले, तर त्यांतील प्रत्येक जिनसापुढील वजन, भाव व गांवाचें नांव उतरून घ्यावें. कोणता माल कोठून आला, तो विकत घेतला कीं घरीं केला, एवढें एका पावसाळ्यापुरतें जरी कळलें, तरी वर मांडलेलें अनुमान पक्कें करतां येईल किंवा खोडून काढतां येईल. तसेंच किनाऱ्यावर कोठें भोंकें पाडलेला लांबट दगड पायरी म्हणून किंवा म्हशी बांधण्याचा खुंट म्हणून पुरलेला दिसला, तर भोंकें किती, गोल कीं चौकोनी, व तीं एकमेकांशीं काटकोनांत आहेत काय, हें मोजून टिपून ठेवावें. तो दगड एकेकाळीं समुद्राच्या तळाशीं तारूं धरून बसलेला असण्याचा संभव आहे.